पोराच्या बॅगेत फायटर सापडला. भावकीचं वैर नेमकं थांबवायचं कुठे?

गोरेगावचा_चाकरमानी
सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, लिहायची पहिलीच वेळ, लांबलं तर सांभाळून घ्या. आयडी नवीन काढलाय, का ते कळेलच.

मी ४४, गोरेगावला राहतो, गाव सिंधुदुर्गात. मुलगा १६, यंदा अकरावीला. गेल्या गुरुवारी त्याच्या बॅगेत फायटर सापडला. तो स्टीलचा, चार बोटांत अडकवतात तो. बायकोने डबा काढायला बॅग उघडली तर जर्नलच्या खाली मोज्यात गुंडाळून ठेवलेला. तिला वाटलं बाटलीबिटली उघडायचं काहीतरी असेल. मला बघितल्या बघितल्या कळलं.

आता मागचं सांगतो, त्याशिवाय समजणार नाही. माझे आजोबा गावाला आणि त्यांचा सख्खा धाकटा भाऊ लालबागला गिरणीत. जमिनीची वाटणी कधी झालीच नव्हती, गरजच पडली नाही कारण महिन्याला मनीऑर्डर यायची. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, अडीच लाख कामगार बाहेर, तुम्हाला माहीतच आहे. धाकट्या आजोबांनी वर्षभर वाट बघितली आणि मग खोली भाड्याने देऊन बिऱ्हाड घेऊन गावाला आले. मनीऑर्डर बंद आणि खाणारी तोंडं पाच वाढली. तिथून सगळं सुरू झालं. गडगा, म्हणजे हद्दीची दगडी भिंत, दोन हात आमच्याकडे सरकला की त्यांच्याकडे, हे तुम्ही कोणाला विचारता त्यावर आहे. मधे एक फणस होता, त्याच्यावरून.

१९८६ च्या मे महिन्यात माझे बाबा रजेवर गावाला गेलेले. त्या गडग्यावर बाचाबाची झाली आणि धाकट्या आजोबांच्या मुलाने, म्हणजे आमच्या नानाकाकाने, कोयती मारली. बाबांच्या उजव्या हातावर कोपराखाली वीतभर खूण आहे, आत खड्डा पडलाय. तालुक्याला केस चालली, साक्षीदार फिरले, नानाकाका सुटला. आमच्या घरात दर गणपतीला आरती झाली की बाबा पोरांना जवळ घेतात आणि म्हणतात, "हयसर बोट घाल". पोरं बोट घालतात. मग विचारतात, "ह्यां कोणी केल्यान?" पोरं ओरडतात, "नानान!" मीपण ओरडलोय. माझ्या मुलानेही. लहानपणी मजा वाटायची हो, खोटं कशाला बोलू.

पुढचं थोडक्यात. मधे एका लग्नात नानाकाकाच्या मुलाने मला कानाखाली मारली, मी खुर्ची फेकली, असं चालूच. आता नशीब बघा, अकरावीच्या ऑनलाईन ॲडमिशनला नानाकाकाचा नातू आणि माझा मुलगा एकाच कॉलेजला लागले. आडनाव एक, गाव एक, कितीसा वेळ लागतो. त्या पोराने चारचौघांत काहीतरी टोमणा मारला, "तुझ्या आजोबाचा हात अजून दुखतो का रे", आणि माझ्या मुलाने त्याचं नाक फोडलं. त्यांनी पोलिसांत एनसी केली. आता इन्स्टावर दोन्हीकडून स्टेटस पडतायत, टाईम येईल, हिशोब होईल, मागे वाघबिघ. आणि आता हा फायटर.

घरात काय झालं ते पण लिहितो. मी पोराला दोन ठेवून दिल्या. बाबांनी (वय ७४) त्याला हळूच पाचशेची नोट दिली, हे बायकोने बघितलं. आणि खरं सांगू, नाक फोडल्याचं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एक सेकंद माझ्या छातीत बरं वाटलं होतं. ते आठवलं की माझीच मला भीती वाटते.

मला हे थांबवायचंय. पण मी हात पुढे केला तर बाबा म्हणणार माझ्या हाताची किंमत केलीस, आणि समोरचे म्हणणार घाबरला. कोणी असल्यातून गेलंय का?


बोरीवली_स्लो
सोमवार, रात्री ११:५८

गाव विसरा, हिस्सा विकून मोकळे व्हा. फणसासाठी चाळीस वर्षं??


गोरेगावचा_चाकरमानी
मंगळवार, रात्री १२:१०

फणस तर तौक्ते वादळात पडला हो, मे २०२१ ला, मुळासकट. आणि सातबाऱ्यावर १९ नावं आहेत, त्यातली चार माणसं वर गेली, एक गुजरातला कुठे आहे कोणालाच ठाऊक नाही. विकतो कसला.


निवृत्त_खाकी
मंगळवार, सकाळी ६:३५

३४ वर्षं नोकरी केली, शेवटची ११ उपनगरात. भावनेचं बाकीचे सांगतील, मी कायद्याचं बोलतो.

एनसी म्हणजे अदखलपात्र, कोर्टाच्या परवानगीशिवाय आम्ही तपास करत नाही, म्हणून लोक तिला कागदाचा तुकडा समजतात. तिथेच चुकतात. साधी मारहाण असेल तर एनसी, पूर्वीचं आयपीसी ३२३, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं ११५ (२). पण तुम्ही लिहिलंय नाक फोडलं. नुसतं रक्त आलं की हाड मोडलं? हाड मोडलं असेल तर ती गंभीर दुखापत, कलम ११७ (२), सात वर्षांपर्यंत शिक्षा आणि दखलपात्र. समोरच्यांनी सरकारी दवाखान्यात दाखवून एक्सरे काढला असेल तर तुमची एनसी एनसी राहणार नाही. आधी हे माहीत करून घ्या.

दुसरं, कोणीतरी वकील किंवा शाखेतला कार्यकर्ता तुम्हाला सांगेल "आपण पण क्रॉस टाकू". टाकू नका. मी शेकड्याने क्रॉस कम्प्लेंट लिहून घेतल्यात. दोन्ही बाजूंना वाटतं समोरचा दबेल. दबत कोणीच नाही, तारखा पडत राहतात आणि दर तारखेला कोर्टाच्या आवारात दोन्हीकडची पंधरा-वीस माणसं समोरासमोर उभी. पुढचा राडा तिथेच ठरतो.

मुलगा १६ चा म्हणजे बाल न्याय मंडळापुढे जाणार, आपल्याकडे म्हणतात ते डोंगरी. पण १६ पूर्ण झाली आणि गुन्हा अतिगंभीर असला, म्हणजे ज्याला कमीत कमी सात वर्षं शिक्षा आहे असा, तर २०१५ च्या कायद्याने मंडळ तपासून ठरवू शकतं की याला मोठ्यांसारखं चालवायचं का. फायटरने डोक्यात एक बसला, समोरचं पोरगं गेलं आणि खुनाचं कलम लागलं की हे लागू. पोरांना वाटतं १८ पर्यंत सगळं माफ. तसं नाही.

आणि मोठी माणसं मधे पडली तर चॅप्टर लागेल. मुंबईत एसीपी समोर उभं करतात, शांतता ठेवीन म्हणून बाँड लिहून घेतात. ७४ वर्षांच्या माणसाला तिथे बाकड्यावर बसवलेलं मला नाही बघवायचं. पाचशेची नोट देणाऱ्याला हे सांगा.


तिखटमीठ
मंगळवार, दुपारी १:२०

काका, मी वीस वर्षं समुपदेशनाचं काम करते, बहुतेक बायका आणि मुलांबरोबर. जरा कडू विचारते, राग मानू नका.

एक, पोराकडे मारायचं हत्यार सापडलं म्हणून तुम्ही त्याला मारलंत. हे तुम्हीच लिहिलंयत, आणि मला वाटतं मुद्दाम लिहिलंयत.

दोन, १९८६ चं बोट घालून दाखवलंत आणि नंतर एकदम "मधे एका लग्नात". मधल्या वर्षांत तुमच्याकडून काही झालंच नाही? मी अशी कुटुंबं बघितलीत, त्यात एकच बाजू मार खाते असं कधीच नसतं. प्रत्येक घराकडे आपल्या जखमेची तारीख तोंडपाठ असते आणि दिलेल्या जखमेची तारीख "तेव्हा कधीतरी".

तीन, आणि हे इथे नको वाटलं तर लिहू नका. बाबांचा हात घरात कोणावर उठायचा का?

हे तिसरं का विचारतेय, तर मुंबई पोलीस आयुक्तालयात १९८४ ला टाटा इन्स्टिट्यूटच्या लोकांनी बायकांसाठी विशेष कक्ष काढला, तिथून पुढे या क्षेत्रात आलेल्या आम्हा सगळ्यांना एक गोष्ट रोज दिसते. बाहेर ज्याचा सूड घ्यायचा राहिला तो राग पहिला घरात उतरतो. शेजारणीला, गावाला तो "तापट स्वभाव" दिसतो. मुलगा दोन्ही बघत असतो, बाहेरची खुन्नस आणि घरातली चपराक, आणि त्याच्यासाठी ती एकच गोष्ट असते.

पोराशी बोलायला तुमची जीभ वळत नसेल तर १४४१६ वर टेलिमानस आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आधी तुम्ही स्वतः फोन करा, पोराच्या हातात नंतर द्या.


गोरेगावचा_चाकरमानी
मंगळवार, रात्री १०:५०

ताई, दुपारपासून तुमची पोस्ट चार वेळा उघडली.

दुसऱ्याचं उत्तर. १९९४. माझे सख्खे धाकटे काका आणि त्यांचे दोन मित्र. नानाकाका तेव्हा परत मुंबईत नोकरीला आलेला, परळच्या पुलावर रात्रपाळीला जाताना त्याला गाठून त्याचा पाय मोडला. रॉडने. तो अजून लंगडतो. मी तेव्हा तेरा वर्षांचा, काका घरी आले आणि मोरीत बसून रॉड धूत होते, मी पाणी ओतून देत होतो. हे आमच्याकडे गणपतीला कोणी सांगत नाही. माझ्या मुलाला हे माहीतच नाही. काल लिहिताना मीपण गाळलं आणि मला कळलंही नाही की मी गाळतोय.

तिसऱ्याचं उत्तर, हो. आईवर. त्याच हाताने.


बोरीवली_स्लो
मंगळवार, रात्री ११:०५

माझी वरची कमेंट मागे घेतो भावा. सॉरी.


भिवंडीकर
बुधवार, सकाळी ९:१५

घरगुती भांडणात शहराचं उदाहरण देतोय, पण मला तरी लागू वाटतं. आमच्या भिवंडीत १९७० ला दंगल, ८४ ला दंगल, माझे वडील यंत्रमागावर होते, ८४ ला आम्ही तीन रात्री मागाच्या खाली झोपून काढल्या, तेलाचा वास अजून नाकात आहे. सगळे म्हणायचे हे गाव दर काही वर्षांनी पेटणारच, मागच्याचा वचपा राहिलेलाच असतो. १९८८ ला सुरेश खोपडे डीसीपी म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या काढल्या. पुढारी लांब ठेवून दोन्हीकडची साधी माणसं बसवली, दुकानदार, मागवाले, मास्तर, आणि त्यांच्यात त्या भागातला पोलीस. आणि बोलणं कशावर? नळाचं पाणी, भोंगा, गटार, पोरांची मारामारी. शांती सलोखा असले मोठे शब्दच नाहीत. सुरुवातीला लोक हसायचे. मग डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ आला, मुंबईत श्रीकृष्ण आयोगाच्या हिशोबाने ९०० माणसं गेली, आणि सगळ्यांनी जिच्याकडे डोळे लावलेले ती भिवंडी शांत राहिली. नंतर मुंबईतही मोहल्ला कमिट्या निघाल्या, पोलीस खात्यातले रिबेरो, साहनी आणि कार्यकर्त्या सुशोभा बर्वे ही मंडळी होती त्यात.

माझं म्हणणं एवढंच की पहिल्या बैठकीत १९८६ चा विषय काढू नका. पोरांच्या कॉलेजचं बोला, इन्स्टावरच्या स्टेटसचं बोला, दवाखान्याच्या बिलाचं बोला. मोठा विषय आपोआप येतो, त्याला ओढून आणलं की परत कोयती.


तिखटमीठ
बुधवार, सकाळी ११:४०

भिवंडीकर, अर्धं पटलं. बिलाचं आधी बोला हे बरोबर. पण ९४ चं यांनी बोललंच नाही तर समोरचे याला घाबरटपणा समजतील, नाहीतर डाव. निदान पोराला तरी आधी सांगायला हवं.


फुकटचंबू
बुधवार, दुपारी ३:००

अवांतर. कोसोवोत अल्बेनियन लोकांत असलीच पिढीजात खुनाची वैरं होती, रक्ताला रक्त, घरातली पुरुष माणसं वर्षानुवर्षं घराबाहेर पडायची नाहीत. १९९० ला तिथे विद्यार्थ्यांनी आणि अँटन चेट्टा नावाच्या म्हाताऱ्या प्रोफेसरांनी घरोघर जाऊन शेकडो वैरं मिटवली. हा माणूस ना पोलीस ना पुढारी. लोककथांचा अभ्यासक. आयुष्यभर खेडोपाडी फिरून गोष्टी गोळा केलेल्या, म्हणून दार उघडायचे लोक त्याला. १ मे १९९० ला एका मैदानात हजारो लोकांसमोर हात मिळवले.

तुमच्याकडे असा कोण आहे ज्याला दोन्ही घरं चहा देतात? गावच्या तंटामुक्ती समितीचं काय, २००७ ला आर. आर. आबांनी सुरू केली ती?


गोरेगावचा_चाकरमानी
बुधवार, दुपारी ३:२५

समितीचा अध्यक्षच आमच्या भावकीतला होता, त्याचा स्वतःचा गडग्यावरून तंटा चालू होता. 😅


माहेरवाशीण
बुधवार, रात्री ९:३०

दादा एक विचारू? बोलणं बंद आहे म्हणता, पण सुतक पाळता का? आमच्या माहेरी असंच होतं म्हणून विचारतेय. पस्तीस वर्षं तोंड बघत नव्हते पण त्यांच्याकडे कोणी गेलं की आमच्याकडे दहा दिवस देवपूजा बंद. एके वर्षी त्यांच्या आजी ऐन हरतालिकेला गेल्या तर आमचा गणपती पुढे गेला. कोणी एका शब्दाने कुरकुर केली नाही. मी आईला विचारायचे, वैर आहे ना मग सुतक कशाला, तर आई म्हणायची वैर आपण धरलं, सुतक काय आपण धरलं का.

तर माझा प्रश्न असा, की त्यांच्याकडे कोणी गेलं हे तुम्हाला कळतं कोणाकडून? कोणीतरी फोन करतंच ना? फुकटचंबूंना हवा असलेला माणूस तोच. किंवा तीच, बहुतेक बाईच असते.

आस्तिकाची गोष्ट आठवते का? तक्षकाने परीक्षिताला मारलं म्हणून जनमेजयाने सर्पसत्र मांडलं, साप येऊन पडतायत अग्नीत, कोणाचं ऐकत नाही राजा. थांबवलं कोणी, तर आस्तिकाने. बाप ऋषी आणि आई नागकन्या. लहानपणी कीर्तनात ऐकताना मला वाटायचं तो हुशार म्हणून जमलं. आता वाटतं त्याचं आजोळ त्या आगीत जळत होतं म्हणून जमलं.


गोरेगावचा_चाकरमानी
बुधवार, रात्री १०:१५

ताई काटा आला अंगावर. पाळतो सुतक. आणि फोन आत्याचा येतो.

माझी आत्या दहिसरला. ७५ च्या आसपास तिचं लग्न झालं, सगळं गोडीत असताना, आणि दोनच वर्षांनी नानाकाकाची बहीण त्याच घरात धाकट्या दिराला दिली. म्हणजे दोन चुलत बहिणी, आता सख्ख्या जावा. १९८६ ला इकडे कोयती चालली तेव्हा त्या दोघी एकाच चुलीवर भाकऱ्या भाजत होत्या. अजून एकत्रच आहेत, दोघींचे नवरे गेले. आम्ही त्यांच्याकडे गेलो की धाकटी आत्या आत जाऊन बसते, नानाकाका गेला की थोरली आत बसते, आणि पाहुणा गेला की बाहेर येऊन दोघी सिरीयल बघतात. आजवर मला हे विनोदी वाटायचं.


ठाण्याचा_बंड्या
गुरुवार, रात्री १:४५

मी २३. मोठ्यांच्यात बोलतोय सॉरी, पण इथे सगळे बापाच्या साईडने लिहितायत आणि मी त्या पोराच्या जागी होतो.

आमच्याकडे शेत नव्हतं, आमच्याकडे एरिया होता. माझ्या भावाला मारलेलं, तो वाचला पण एका डोळ्याने दिसत नाही. मी दहावीत. घरात दुसरा विषयच नाही. जेवताना तोच, लग्नात तोच, भाऊ नुसता बसलेला असला तरी तोच. मला कोणी कधी म्हणालं नाही जा आणि मार. पण आई माझ्या हातात पाणी देताना असं बघायची ना. मग मी पण सामान ठेवायला लागलो. रोज क्लासला जाताना वाटायचं आज तो समोर यायला नको. खरंच. तो दिसला तर मला करावं लागेल, म्हणून मी मुद्दाम लांबून जायचो आणि मित्रांना सांगायचो साला घाबरून येत नाही या रोडला.

काका, तुमच्या पोराला माफ कर वगैरे बोलू नका, त्याला ते जमणारच नाही, त्याला उद्या मित्रांसमोर उभं राहायचंय. त्याला निमित्त द्या. माझ्या मामाने मला दिलं. येऊन एक दिवस बोलला, उद्यापासून माझ्या गॅरेजला यायचं संध्याकाळी, नाही आलास तर तुझ्या आईची शप्पथ. मी मित्रांसमोर मामाला हजार शिव्या घातल्या, काय करू यार मामा सायको आहे. आणि घरी येऊन रात्री रडलो, सुटलो म्हणून. तुम्ही सायको बाप व्हा. फोन घ्या, कॉलेजला स्वतः सोडायला जा, बेइज्जती होऊ दे त्याची. तो तुम्हाला शिव्या घालेल आणि आतून त्याला बरं वाटेल.

आणि फायटर मोज्यात गुंडाळलेला म्हणता. ज्याला खरंच मारायचं असतं तो खिशात ठेवतो.


तिखटमीठ
गुरुवार, सकाळी ८:१०

बंड्या, वीस वर्षांत मला कोणी हे इतकं नीट सांगितलं नव्हतं. डोळ्यांची काळजी घे रे भावाच्या, दुसरा डोळा तपासत राहा.


गोरेगावचा_चाकरमानी
तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ११:२०

मंडळी, उशीर झाला.

आधी पोराला सांगितलं. परळचा पूल, रॉड, मोरी, मी पाणी ओतत होतो ते सगळं. रात्री गच्चीवर नेऊन सांगितलं. त्याने एकच विचारलं, "आजोबांना माहीत होतं?" म्हटलं हो. मग तो खाली निघून गेला आणि दोन दिवस आजोबांच्या खोलीत गेला नाही. मारल्याबद्दल त्याला सॉरी म्हणालो, ते त्याला माझ्यापेक्षा जास्त ऑकवर्ड झालं. बंड्या, सायको बाप चालू आहे, रोज स्टेशनपर्यंत स्कूटरवर सोडतो, मित्रांच्या समोर हेल्मेट घाल म्हणून ओरडतो.

मग थोरल्या आत्याला फोन केला. ती काही बोललीच नाही, नुसतं म्हणाली रविवारी ये, पोराला घेऊन ये. दहिसरला गेलो तर दोन्ही आत्या बाहेर. पहिल्यांदाच दोघींना एकत्र सोफ्यावर बसलेलं बघितलं मी. तिथून त्या दोघी आम्हाला नालासोपाऱ्याला घेऊन गेल्या. तिसरा मजला, लिफ्ट नाही. बेल दाबली आणि आतून पायांचा आवाज ऐकला, एक पाऊल, मग घासल्यासारखं, मग एक पाऊल. पोराने माझ्याकडे बघितलं.

भिवंडीकर, तुमचं ऐकून मी बिलाचं काढलं. नाकाचं हाड मोडलं नव्हतं, देवाची कृपा, दोन टाके. पैसे घेतले नाहीत त्यांनी. त्यांचा मुलगा, लग्नातला तो, सगळा वेळ दरवाजाला टेकून उभा, मोबाईलमध्ये बघत. नातू आतल्या खोलीत. चहा आला, कोणी उचलत नाही. शेवटी मी ९४ चं काढलं. म्हटलं, परळला ते आमच्या काकानी केलं, मला ठाऊक होतं.

नानाकाका म्हणाला, "माका म्हायत होता. तोंड बघलेलंय मी तेचा."

मग धाकटी आत्या बोलली. ९४ ला हॉस्पिटलात पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा नानाकाकाने अनोळखी इसम म्हणून सांगितलं. नाव घेतलंच नाही. कारण माझ्या त्या काकांचं लग्न ठरलेलं होतं, वीस दिवसांवर होतं, पत्रिका वाटून झालेल्या. मी ऐकतच राहिलो. त्या लग्नात मी वरातीत नाचलोय हो. आमच्या घरात एवढी वर्षं सगळ्यांना वाटतंय की काका हुशार म्हणून पकडला गेला नाही.

मी विचारलं कोणाला सांगितलं का नाही. तर म्हणाला कोणाक सांगूचा, माझो झील (मुलगा) ऐकललो तर तेवा रॉड घेतलो असतो. दरवाजातला मुलगा तेव्हा पहिल्यांदा मोबाईलमधून वर बघायला लागला. त्यालाही हे नवीन होतं.

गळाभेट वगैरे काही झाली नाही. दोन्ही पोरं गॅलरीत जाऊन उभी राहिली, एकमेकांशी बोलली नाहीत, पण एकाने चार्जर मागितला आणि दुसऱ्याने दिला. स्टेटस दोघांनी काढलेत एवढं मी तपासलं.

बाबांना येऊन सगळं सांगितलं. ते आज आठ दिवस माझ्याशी बोलत नाहीत. आधी जेवून घेतात, माझ्या वेळेला खोलीत. काल रात्री पाणी प्यायला उठलो तर अंधारात बसून डाव्या हाताने उजवा हात चोळत होते. मी लाईट लावली नाही. गणपतीला गावी जायची तिकिटं काढलीत, आरतीनंतर काय होणार कल्पना नाही.

फायटरचं सांगायचं राहिलं. नालासोपाऱ्याला जाताना भाईंदरनंतर खाडीचा पूल आला तेव्हा पोराने स्वतःच बॅगेतून पिशवी काढली आणि दारातून खाली टाकली. समोरच्या सीटवरच्या बाईंना वाटलं निर्माल्य, त्यांनी हात जोडले. थोरल्या आत्यानेही जोडले. तिला अजून माहीत नाही ते काय होतं.


निवृत्त_खाकी
सोमवार, सकाळी ६:२०

खाडीत टाकायला नको होता, पण आता लिहू नका जास्त त्याबद्दल.

एनसीचं. दोन्ही पोरांचे बाप मिळून पोलीस ठाण्यात जा, आपसात मिटलंय, तक्रार पुढे चालवायची नाही असा अर्ज समोरच्यांनी द्यायचा आणि त्याची पोच घ्यायची, तोंडी नको. आजोबांना आणू नका. आणि शनिवार-रविवार टाळा, आता हंडीचा बंदोबस्त लागेल, ड्युटी ऑफिसरला मान वर करायला वेळ नसतो. मंगळवारी सकाळी अकराच्या आत जा.